स्पोर्ट्स कार पुण्यात चालवताय? मग या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात बाणेरच्या एका सोसायटीत गाडीची बॅटरी बघायला गेलो होतो. सकाळचे सात, चांगलीच थंडी. शेजारच्या पार्किंगमध्ये एका मुलाने गाडी चालू केली आणि दहा सेकंदांत दोनदा मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत रेस दिली. मित्र व्हिडिओ काढत होता. मी हातातला पाना खाली ठेवून त्याला थांबवलं. त्याला राग आला. गाडी त्याची, पैसे त्याचे, हे मला मान्य आहे. पण मी बावीस वर्षं कर्वेनगरला गॅरेज चालवतोय, आणि अशा सवयीची इंजिनं उघडायची वेळ माझ्यावर येते. उघडलेल्या इंजिनाचं बिल सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही.

थंड इंजिनाला रेस देणं

लोक कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा काटा बघतात. तो चार-पाच मिनिटांत मधोमध येतो आणि मग वाटतं, झाली गाडी गरम. इंजिनाचे भाग वाचवतं ते ऑइल, आणि ऑइल कूलंटच्या बरंच मागून गरम होतं. कूलंट 90 अंशांवर गेलेलं असताना ऑइल 50-60 वरच असू शकतं. या गाड्यांना लागणारं 0डब्ल्यू-40 सारखं ऑइल 40 अंशांना जेवढं जाड असतं, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच 100 अंशांना राहतं. म्हणजे थंडीत सकाळी ते किती जाड असेल, विचार करा. जाड ऑइल बारीक वाटांमधून वेळेवर पोचत नाही. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, गरम होऊन फुगल्यावरच ते सिलिंडरमध्ये नीट बसतात. त्याआधी सहा हजारांवर फिरवलं की झीज होते, आणि ती झीज त्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागते, तेव्हा मालक म्हणतो, "काका, मी तर काहीच केलं नाही."

कंपन्यांना हे ठाऊक आहे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांच्या बऱ्याच मॉडेलांत टॅकोमीटरवरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावरची) लाल मर्यादा इंजिन थंड असताना खाली असते आणि ऑइल गरम होत जाईल तशी वर सरकते. समोर दिवे लावून सांगितलेलं असतं, तरी लोक बघत नाहीत.

गाडी जागेवर पंधरा मिनिटं चालू ठेवणं हाही उपाय नाही. आयडलवर ऑइल फार हळू तापतं, पेट्रोल जळतं आणि शेजाऱ्यांना धूर. माझी पद्धत अशी: सेल मारला की अर्धं-एक मिनिट थांबायचं, आवाज खाली बसला की निघायचं. मी गॅरेजमधून निघालो की चांदणी चौक ओलांडेपर्यंत तीन हजारांच्या वर जात नाही, कितीही मोकळा रस्ता मिळाला तरी. ऑइलचा काटा 80 च्या पुढे गेल्याशिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. बऱ्याच गाड्यांत ऑइलचं तापमान स्क्रीनच्या एखाद्या मेनूत लपलेलं असतं. ते शोधा आणि कायम समोर ठेवा.

परतीलाही तेच. टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला थंड ठेवणारं ऑइल इंजिन बंद होताच थांबतं. एक्सप्रेसवेवरून जोरात येऊन फूड मॉलला गाडी लावली आणि लगेच बंद केली, की आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. शेवटचे चार-पाच किलोमीटर सावकाश आलात तर वेगळं काही करावं लागत नाही.

ब्रेक ऑइल: माझा सगळ्यात जास्त जीव जिथे तुटतो ती चूक

तीन वर्षांपूर्वीचा रविवार. सकाळी साडेदहाला फोन आला, "काका, ब्रेक गेलेत. सिंहगडाच्या घाटात उभा आहे."

मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा. मुंबईहून जुनी जर्मन कूपे घेतलेली; सात वर्षं वयाची, फक्त चौदा हजार चाललेली. आदल्या आठवड्यात तो गाडी दाखवायला माझ्याकडे आला होता. मी विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंय? तो म्हणाला, "काका, चौदा हजारच तर चाललीये." मी म्हटलं, एक दिवस ठेवून जा. तर रविवारी मित्रांबरोबर गडावर जायचं ठरलेलं, पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. मी सोडलं. तेव्हा किल्ली काढून घ्यायला हवी होती, असं आजही वाटतं.

चढताना काही झालं नाही. वर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि उतरायला लागले. समोर रविवारची गाड्यांची रांग, गिअर डी मध्ये, पाय सतत ब्रेकवर. काही वळणांनंतर पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला थेट खाली टेकलं. त्याचं नशीब, की त्याला मॅन्युअलमध्ये गिअर खाली पाडायचं सुचलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन त्याने थांबवली. बंपर आणि एक रिम गेला. माणसं वाचली.

मला पोचायला दीड तास लागला. मी पोचलो तेव्हा पेडल परत कडक झालं होतं. तो म्हणाला, "काका, आता लागतोय ब्रेक. हळूहळू घेऊन जाऊ का खाली?"

हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी चालो न चालो, ओल शिरतच राहते. त्याचा संबंध महिन्यांशी आहे, किलोमीटरशी नाही. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून धरला की डिस्क काही शे अंशांवर जाते, ती उष्णता पॅडमधून, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये उतरते आणि तिथलं ऑइल उकळतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. तुम्ही पाय दाबता, आत नुसती वाफ चेपली जाते आणि पेडल खाली जातं. गाडी थंड झाली की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल कडक. दोष जिथल्या तिथे असतो आणि मालकाला वाटतं, गेलं काहीतरी तात्पुरतं.

मी गाडी फ्लॅटबेडवर घालून आणली. गॅरेजमध्ये कॅलिपरची निपल उघडली तर पाइपमधून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं. टेस्टरने चार टक्के पाणी दाखवलं. पॅड जवळजवळ नवे, डिस्कवर ओरखडा नाही. बाहेरून बघणाऱ्या कोणालाही ती गाडी उत्तम वाटली असती. विकणाऱ्यालाही वाटली असणार.

कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात. घाटात जाणाऱ्यांचं मी दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी बदलतो. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीवर तारखेचं स्टिकर लावतो. अर्धा लिटरचा सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडतो, आणि उरलेलं दुसऱ्या गाडीत वापरत नाही. कुठेही काम करत असाल तर डबा समोर फोडायला सांगा. सांगायची लाज वाटू देऊ नका. आणि "5 हा आकडा 4 पेक्षा मोठा" म्हणून डॉट 5 टाकायला जाऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट 4 मध्ये चालत नाही. डॉट 5.1 ही निराळी गोष्ट.

उतरायची रीत तर एसटीचे ड्रायव्हर पिढ्यानपिढ्या पाळतात: ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, मग सोडा, त्याला श्वास घेऊ द्या. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीलाही हाच नियम आहे. खाली आल्यावर ब्रेक तापलेला असताना पेडल दाबून उभे राहू नका. पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. मग लोक म्हणतात, डिस्क वाकली.

ट्रॅफिकमध्ये ड्युअल क्लच

हिंजवडीची संध्याकाळ ड्युअल क्लचचं, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आयुष्य खाते. आतमध्ये क्लचच आहेत, जुन्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग) नाही. ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच इंच सरकवत राहिलात तर क्लच घसटतच राहतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा आणि पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे मी रोज बघतो; तिथे ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड लावा. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर बाजूला घेऊन थांबा.

लॅपटॉप लावून पॉवर वाढवणं

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला गाडीचे ब्रेक, टायर आणि ऑइल सांभाळता येत नाही, त्याने रीमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलण्याचं, नाव काढू नये. माझ्याकडे लोक गाडी घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात येतात, अजून गाडी कळलेली नसते आणि शंभर हॉर्सपॉवर वाढवून हवे असतात. एक्झॉस्टमधून फटाके फुटावेत म्हणून मुद्दाम उशिरा पेट्रोल जाळणारा मॅप तर मी कधीच टाकत नाही. ते पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतलं जाळीदार काम वितळतं. रस्त्यावरच्या माणसांना त्रास होतो तो वेगळाच.

पेट्रोलचं म्हणाल तर टाकीच्या झाकणाच्या आत आकडा लिहिलेला असतो, 95 किंवा 98. तो वाचा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, आपोआप न पेटण्याची क्षमता. कमी ऑक्टेन टाकलं तर कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देऊन इंजिन वाचवतो आणि गाडी मंद वाटते. मॅप बदलून ती राखीव जागाही काढून घेतली, की वाचवायला काही उरत नाही. पुण्यात डिसेंबर 2020 पासून निवडक पंपांवर 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण 95 मागणाऱ्या साध्या गाडीत ते टाकून फारसा फायदा नाही.

टायर: नक्षी बघता, वय बघत नाही

जुनी गाडी घेताना सगळे नक्षीत नाणं घालून बघतात. बाजूच्या भिंतीवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ते कोणी वाचत नाही. 2317 म्हणजे 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवे दिसतात आणि आतून वाळलेले असतात. अंगठ्याचं नख दाबून बघा. नव्या रबरात रुततं, जुन्यात घसरतं. मी पाच वर्षांनंतर दरवर्षी काढून आतून बाहेरून तपासतो आणि सात वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाकायला लावतो. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी चालते, पण रुंद टायर पाण्यावर तरंगतो, म्हणून पावसाळ्यात माझी मर्यादा तीन मिलिमीटर. जूनच्या पहिल्या पावसात तर गाडी घरीच ठेवा. रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि धूळ त्या दिवशी वर येते.

हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी तपासा. एक्सप्रेसवेवर अर्ध्या वाटेत थांबून, वाढलेली दिसते म्हणून हवा सोडू नका.

पाणी

2024 च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. त्यानंतर अशा किती गाड्या बघितल्या, ज्यांचं इंजिन पुराने नव्हे, मालकाने पाणी ओसरल्यावर मारलेल्या सेलने गेलं! या गाड्यांचा हवा घ्यायचा मार्ग खाली असतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी सीटपर्यंत आलं असो वा फक्त बंपरपर्यंत, सेल मारू नका, टो करा. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जादा कवच) घेतलंय का, हे आजच पॉलिसी काढून बघा.

बाकी, थोडक्यात

स्पीडब्रेकर तिरका ओलांडा, गाडीचं नाक वर उचलणारी लिफ्ट असेल तर आधीच उचला. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटल्यावर ऑइलचा दिवा दिसेपर्यंत फार उशीर होतो.

उंदरांसाठी बोनेट दर आठवड्याला उघडून बघा. कुरतडलेलं वायरिंग शोधायला मला कधीकधी तीन दिवस लागतात.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा आणि त्यात एजीएमची (बॅटरीचा एक प्रकार) सेटिंग आहे ना ते बघा. "रोज पाच मिनिटं चालू करतो" याने बॅटरी भरत नाही, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं.

चाकाचे बोल्ट पंक्चरवाल्याला गनने आवळू देऊ नका. हाताने बसवून घ्या, टॉर्क पाना तुमच्या डिकीत ठेवा, मॅन्युअलमधला आकडा लावा. जॅक लावायची जागाही त्याला तुम्हीच दाखवा. नाहीतर साइड स्कर्ट फुटतो. आणि साठ-सत्तर किलोमीटर चालवून झाल्यावर थंड चाकावर पुन्हा एकदा पाना फिरवून बघा.