पोलिसांच्या गाडीचा हिशोब मागायचाय?
आमच्याकडे रात्रीची गस्त थांबली. कारण काय, तर गाडी गॅरेजला. मग मी माहिती अधिकाराचा कागद काढला. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पत्ता: जन माहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय, सातारा. ‘गाडी का नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: जिल्हा नियोजन समितीने वाहनांसाठी दिलेल्या निधीचे आदेश, गाडीचं लॉगबुक (फेऱ्यांची नोंदवही), दुरुस्तीची बिलं. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. (आमच्या दादांनी चार पानं खरडली होती!) पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील करा.