फौंड्रीत नवीन लागलाय? रिजेक्शन एकदम कमी दिसलं की आधी वजनं ताडून बघा

डिप्लोमा किंवा बीई करून शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीला फौंड्रीत ट्रेनी म्हणून लागलेली पोरं, आणि एमबीए करता करता एचआरला बसलेली पोरं-पोरी, या दोघांसाठी हे लिहितोय. ग्रीन सँड म्हणजे काय, रनर-रायझर कशाला लागतात हे तुम्हाला माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. लीडरशिप, एंगेजमेंट, इनोव्हेशन हे तीन शब्द पण कॉलेजात पाठ झालेले असणार. बर्न्स या अभ्यासकांनी १९७८ ला मांडलेलं आणि बासनी १९८५ ला पुढं नेलेलं ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप, म्हणजे माणसांना मोठं ध्येय दाखवून बदलवणारं नेतृत्व, काहननी १९९० ला एंगेजमेंटबद्दल लिहिलेलं, कामात अर्थ वाटणं, स्वतःला झोकून देताना भीती न वाटणं आणि अंगात तेवढी ताकद शिल्लक असणं. पेपरात हे तीन वेगवेगळे प्रश्न येतात. शॉपवर मात्र हे सगळं एकाच ठिकाणी भेटतं, ते म्हणजे सकाळच्या प्रोडक्शन मीटिंगमध्ये आदल्या दिवसाचं रिजेक्शन, म्हणजे किती कास्टिंग (ओतलेले भाग) खराब निघाले, ते वाचलं जातं तेव्हा. वाचून झाल्यावर मोठे साहेब जे बोलतात त्यावर त्या कंपनीचा धंदा पुढं कसा चालणार ते बरंचसं ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पहिली नोकरी, कंपनीचं नाव नको. तिथं ज्याच्या शिफ्टला रिजेक्शन जास्त त्याला मीटिंगमध्ये उभं करायचे आणि मग शॉपवर येऊन परत एकदा, ते पण कॉन्ट्रॅक्टच्या माणसांसमोर. थोड्याच दिवसात आकडे खाली आले, भिंतीवरचा ग्राफ बघून सगळे खूश, आम्ही नवीन पोरं पण खूश कारण वाटलं की कडक माणूस असला की काम सुधारतं. मग कस्टमरकडून मशिनिंग झालेले कास्टिंग परत यायला लागले, बोअर केल्यावर आत ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून झालेली भोकं, आमची माणसं तिकडं सॉर्टिंगला पाठवावी लागली, डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे कापल्याचा कागद, आली ती वेगळीच. म्हणजे रिजेक्शन कमी झालंच नव्हतं, ते फक्त आमच्या कागदावरून उठून कस्टमरच्या मशिनवर जाऊन बसलं होतं.

ह्यात मी अडकलो आणि दरवर्षी नवीन पोरं अडकताना बघतो, म्हणून हे जरा जास्तच फोडून सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

खराब कास्टिंग लपवायला फौंड्रीसारखी सोयीची जागा नाही, कारण पुरावा परत वितळवता येतो. नॉकआऊटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथं, कोल्ड शट (मेटल नीट न जुळल्याची भेग) दिसला, हातोडा घातला, रनर-रायझरच्या, म्हणजे मेटल आत न्यायच्या वाटांच्या तोडलेल्या तुकड्यांच्या, ढिगात टाकला, झालं, उद्या तो फर्नेसमध्ये. मोजायला काही उरतच नाही. दुसरी वाट फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथली, तिथं होल भरून ग्राइंडर फिरवला की वरून कळत नाही. तिसरी वाट म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नावावर ढकलणं. हे करणारी माणसं वाईट आहेत असं अजिबात समजू नका, मी त्यांच्यासोबत डबा खाल्लाय. ज्याला खरं सांगितलं की शिव्या बसतात आणि लपवलं की काहीच होत नाही तो दुसरं काय करणार. शिवाय बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरचं बिल टनावर नाहीतर बॉक्सवर, म्हणजे ओतलेल्या साच्यांवर, असतं आणि रिजेक्शनचे पैसे कापतात, म्हणजे भीती नुसती साहेबांच्या आवाजाची नसते, ती पगाराची असते.

आता हे पकडायचं कसं. समजा तुमच्या पॅटर्नचं बंच वेट, म्हणजे एका बॉक्समध्ये ओतायचं एकूण मेटल, ३० किलो, त्यात कास्टिंग २० आणि रनर-रायझर १०. रिपोर्ट सांगतो ९२ बॉक्स ओतले, ९१ ओके, १ रिजेक्ट. म्हणजे रिजेक्शन एक टक्क्याच्या आसपास, भारी. आता फर्नेसचं चार्ज शीट, म्हणजे आत किती मेटल टाकलं त्याची नोंद, घ्या, मेल्टिंग लॉस (वितळताना जाणारं) वजा करा, समजा ओतलेलं मेटल निघालं ३००० किलो. ९२ बॉक्सला लागणार २७६०. मग २४० किलो गेलं कुठं? बरोबर आठ बॉक्सचं मेटल आहे ते. म्हणजे बॉक्स १०० ओतले, आठ कास्टिंग मोजायच्या आधीच ढिगात गेले आणि खरं रिजेक्शन ९ टक्के. कुणीतरी म्हणेल की उरलेलं मेटल पिग केलं, म्हणजे लाद्या ओतून ठेवलं, खरं पण असेल ते, रोज थोडं उरतंच, पण मग पिग दिसले पाहिजेत आणि त्यांचं वजन लागलं पाहिजे. रोज इतकं बारीक जुळणार नाही, काट्यात फरक असतो, लॅडलला (ओतायच्या भांड्याला) मेटल चिकटतं, सांडतं, म्हणून एका दिवसावरून कुणावर आरोप करू नका. आठवडाभर एका बाजूलाच फरक पडत असेल तर मात्र समजून जा.

आणि हा हिशोब घेऊन नॉकआऊटच्या माणसाला पकडायला जाल तर संपलं. तो उद्यापासून पिगचं वजन पण बरोबर जुळवून देईल. हा हिशोब स्वतःसाठी आहे, आपल्या शिफ्टला आपल्याला कोण खरं सांगत नाही आणि का सांगत नाही हे कळण्यासाठी.

हे फक्त कोल्हापुरात होतं असं नाही. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला होता, १९९६ ला छापून आला. अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी असतील. निघालं उलटं, जिथं प्रमुख चांगली आणि वातावरण मोकळं तिथं चुकांचा आकडा जास्त. कारण तिथं चुका सांगितल्या जात होत्या. पुढं १९९९ ला त्यांनी एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या ५१ टीम घेऊन दाखवलं की जिथं बोलायला भीती वाटत नाही तिथं माणसं शिकतात आणि त्यातून काम सुधारतं. हे मी नोकरीत बऱ्याच उशिरा वाचलं आणि आमचा तो भिंतीवरचा ग्राफ डोळ्यासमोर आला. क्वालिटीचे जाणकार डेमिंग, त्यांनी मॅनेजमेंटसाठी जे १४ मुद्दे दिले त्यात पण कामाच्या जागेवरची भीती घालवा हा एक स्वतंत्र मुद्दा आहे, आणि तो माणूस आकडेवारीचा होता हे लक्षात घ्या. भीती असली की आकडाच खोटा येतो, मग त्यावर कितीही कंट्रोल चार्ट काढा.

आता तुम्ही म्हणाल आम्ही ट्रेनी, प्लांट हेडला काय सांगणार. काही सांगू नका. तुमच्या हातात एक शिफ्ट आहे, नाहीतर एक लाईन, तेवढं पुरतं. मोल्डरला (साचा बनवणाऱ्याला) बॉक्स बंद करताना आत सँड पडलेली दिसली तर तो खडूनं फुली मारून ओतू नका म्हणतो का, की बॉक्सचा काउंट जाईल म्हणून तसाच बंद करतो, एवढं बघा. टोयोटाच्या लाईनवर कामगाराला दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार असतो हे आपण कौतुकानं शिकतो, आपल्याकडं ती दोरी म्हणजे हा खडू. ज्या दिवशी त्यानं फुली मारली त्या दिवशी तुम्ही काय बोलला हे सगळी लाईन ऐकत असते. "कुणी केलं" असं विचारलं तर परत फुली दिसणार नाही. "कुठला बॉक्स, कधीपासून होतंय, सँड कशी वाटती" असं विचारलं तर माणूस बोलायला लागतो, आणि एकदा बोलायला लागला की थांबत नाही, मग ऐकायला वेळ काढा.

इनोव्हेशन म्हटलं की पोरांना रोबोट नाहीतर सिम्युलेशन सॉफ्टवेअर आठवतं. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, शिका, पण एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या नोकरीत पावसाळ्यात ब्लो होल वाढायचे. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, आठवडा आठवडा ऊन नाही. कास्टिंगमधली पोकळी ठेवायला सँडचे कोअर लागतात, सीओटू गॅसनं कडक करून ठेवलेले ते कोअर हवेतला ओलावा ओढतात, ओतल्यावर तो गॅस बाहेर यायला बघतो आणि कास्टिंगमध्ये अडकतो. आम्ही सँडचं मॉइश्चर, परमिॲबिलिटी (सँडमधून गॅस निघायची क्षमता), पोअरिंग टेंपरेचर सगळं तपासत बसलो होतो. कोअर शॉपमध्ये एक वयस्कर मामा होते, ते एकदा चहाला म्हणाले, "सायेब, कालचं कोअर आधी वापरत न्हाईत कोण, समोरचं ताजं उचलत्यात, मागचं तसंच ऱ्हातंय चार-चार दिस." बस. रॅकवर प्रत्येक ट्रेला खडूनं तारीख-वेळ लिहायची, जुना ट्रे आधी, आणि ठराविक वेळेपेक्षा जुना असेल तर वापरायचाच नाही. खर्च खडूचा. त्या पावसाळ्यात त्या पार्टचे ब्लो होल डोळ्यांना दिसतील इतके कमी झाले. मी विचारलं मामा हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणाले, "इचारलं कुणी?"

त्या कायझेन शीटवर, म्हणजे सुधारणेच्या नोंदीवर, नाव मामांचं घातलं, हे महत्त्वाचं आहे. बऱ्याच कंपनीत आयडिया ऑपरेटरची आणि शीटवर नाव इंजिनियरचं, कारण अप्रेझलला दाखवायचं असतं. असं करू नका, कुणी सांगितलं तरी करू नका. तुमचं नाव "अंमलबजावणी" च्या रकान्यात येतंच की. आणि आयडिया जमणारी नसेल तरी त्याच आठवड्यात त्या माणसाला जाऊन का जमत नाही ते सांगा, तोंडावर सांगा. सजेशन बॉक्स रिकामा राहायचं मोठं कारण हेच असतं, आधी टाकलेल्या चिठ्ठीचं पुढं काय झालं ते कुणाला कळलेलंच नसतं.

क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांचे छोटे गट, त्याबद्दल पण बोलतो. जपानमध्ये १९६२ पासून क्वालिटीचे तज्ज्ञ इशिकावांनी ही चळवळ उभी केली, आपल्या देशात हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्यातून ऐंशीच्या सुमाराला आली. मूळ कल्पना सोन्यासारखी, कामगारांनी स्वतःच्या कामातला प्रॉब्लेम स्वतः निवडायचा आणि स्वतः सोडवायचा. पण काही ठिकाणी काय होतं, स्पर्धा जवळ आली की इंजिनियर पीपीटी बनवतो आणि ऑपरेटरकडून पाठ करून घेतो. बक्षीस मिळतं, शॉपवर काही बदलत नाही. तुम्हाला असली पीपीटी करायला सांगितली तर करा, नोकरी आहे, पण त्याला एंगेजमेंट समजू नका.

एचआरवाल्या पोरांना एक वेगळी सूचना. प्रोजेक्टसाठी तुम्ही एंगेजमेंटचा फॉर्म घेऊन येता, नेदरलँड्सच्या उट्रेख्तचा तो ९ प्रश्नांचा किंवा १७ प्रश्नांचा, उत्साह, समर्पण, तल्लीनता मोजणारा. फॉर्म चांगला आहे. पण तो सुपरवायझरच्या हातात देऊन "जेवणाच्या सुट्टीत भरून घ्या" म्हटलं की सगळे एकसारखे वरचे आकडे येणार, कारण माणूस उत्तर तुम्हाला देत नाही, सुपरवायझरला देतो. त्यात भर म्हणजे लीडर कसा आहे, तुम्ही किती एंगेज्ड आहात आणि कंपनीचा परफॉर्मन्स कसा आहे हे सगळं त्याच माणसाला त्याच बैठकीत विचारायचं आणि मग को-रिलेशन आलं म्हणून निष्कर्ष काढायचा. ते येणारच, ज्याचा मूड चांगला तो सगळीकडं चांगलं लिहितो. परफॉर्मन्सचा आकडा दुसरीकडून घ्या, कस्टमर रिटर्न, गैरहजेरी, सोडून गेलेल्यांची नोंद. गाईड म्हणतील एवढं कशाला, तरी करा, व्हायवाला तुम्हाला स्वतःलाच बरं वाटेल.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. दोन दिवसांचं ऑनलाइन सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट सर्टिफिकेट रिझ्युमेवर दिसतं छान, पण सँड मुठीत दाबून बघायची सवय त्यातून लागत नाही. कन्सल्टंट येऊन पिवळे पट्टे मारून गेला म्हणजे फाइव्ह एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) झालं असं पण नाही. वाढदिवसाला केक कापा, माणसाला बरं वाटतं, माझा विरोध नाही, पण फेटलिंगला धुळीत उभा असलेल्या माणसाला चांगला मास्क वेळेवर मिळत नसेल तर केकचा काय उपयोग.

आणि गुरू निवडताना घाई करू नका. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा सिनियर लगेच जवळ करतो, त्याच्या नादानं लोकांची नावं घ्यायची सवय लागते. त्यापेक्षा कोअर शॉपचे मामा, सँड प्लांटचे अण्णा, जुना पॅटर्न मेकर यांच्याजवळ बसा. शिव्या पण घालतील, चालतंय. इंडियन फाउंड्रीमेन संस्थेचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जात जा, दुसऱ्या कंपनीतले लोक भेटतात आणि आपल्यालाच हा त्रास होतोय असं वाटणं कमी होतं.

एक अवघड गोष्ट राहिली. तुम्ही खरं बोलायला मोकळीक दिली की पहिले काही महिने तुमच्याच शिफ्टचा आकडा सगळ्यात वाईट दिसणार. रात्री झोप लागत नाही तेव्हा, मला माहितीय. घाबरू नका, पण तयारी करून ठेवा. मीटिंगच्या आधी साहेबांना एकटे गाठा, बंच वेटचा हिशोब आणि कस्टमर रिटर्नची यादी शेजारी शेजारी ठेवा, सांगा की साहेब हे आधी पण होतंच, आता दिसायला लागलंय, मला अमुक पार्टवर एवढा वेळ द्या. बरेच साहेब ऐकतात, खरंच, कारण डेबिट नोटेचा चटका त्यांनाच जास्त बसतो. नाही ऐकलं तरी लगेच राजीनामा टाकू नका, एक वर्ष काढा, काम शिकून घ्या, आणि पुढच्या इंटरव्ह्यूला जाल तेव्हा अर्धा तास आधी जाऊन गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या. पाळी सुटलेली माणसं तिथंच असतात. काल रात्री रिजेक्शन किती झालं आणि सकाळी त्यावर साहेब काय म्हणाले, एवढंच विचारा.