फोन चार्ज होत नाहीये? तालुक्याला दुकानात न्यायच्या आधी हे करून बघा

फोन चार्जिंगला लावला आणि काहीच हालचाल नाही, ना टुंग आवाज ना विजेची खूण, की लगेच घरातलं कोणीतरी म्हणतंच, बॅटरी गेली वाटतं. अहो बॅटरी अशी एका रात्रीत सहसा जात नाही. ती आधी दुपारपर्यंत टिकेनाशी होते, मग वीस टक्के असताना मध्येच बंद पडायला लागते, म्हणजे सांगून जाते. काल नीट चार्ज झालेला फोन आज अचानक घेत नसेल तर घोळ बहुतेक वेळा सॉकेटपासून फोनच्या पिनपर्यंतच्या रस्त्यात असतो. आणि आपण समुद्राकाठची माणसं, आपल्याकडे पहिला संशय पिनवरच घ्यायचा, कारण खारा वारा, पावसाळ्यातली दमट हवा, किनाऱ्यावरची वाळू, लाल मातीची धूळ सगळं त्या भोकात जाऊन बसतं.

तरी सुरुवात भिंतीपासून करा, दोन मिनिटांचं काम आहे. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा. जुन्या घरांतले सॉकेट ढिले झालेले असतात आणि गणपतीत तर विचारूच नका, एका एक्स्टेंशन बोर्डवर सगळ्या चाकरमान्यांचे फोन, वर मखराच्या माळा, त्यात एखादा प्लग अर्धवट बसलेला असतो आणि बिल फाटतं फोनच्या नावावर. "लाईट डिम आहे ना, म्हणून घेत नाही" हे पण लाडकं कारण. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे पंखा रडत रडत फिरत असला तरी चार्जर चालायला पाहिजे. चार्जर मरतो तो लाईट जाऊन येताना बसणाऱ्या झटक्याने. म्हणून विजा चमकत असल्या की चार्जर प्लगमधून काढूनच ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता केबल. घरातल्या कोणाचीतरी चालू केबल घ्या, आधी फक्त केबल बदला, मग फक्त ॲडॅप्टर बदला, दोन्ही एकदम बदललंत तर नक्की कोण मेलंय ते कळणार नाही. केबल आतून तुटते ती प्लगच्या मानेपाशी, वरून धडधाकट दिसते. टाइप-सी असेल तर केबल उलटी करून पण लावा, एका बाजूने घेतो आणि दुसऱ्या बाजूने नाही असं झालं तर पिनमधले काही पॉइंट घाण झालेत किंवा गंजलेत समजा (टाइप-सीत असे बारीक २४ पॉइंट असतात). कम्प्युटरच्या जुन्या यूएसबीला लावून "चार्ज होत नाही" म्हणू नका, तिथून साधारण अर्धा ॲम्पियर मिळतो, फोन चालू असेल तर तो तेवढा खातो पण. नवा चार्जर घेताना जत्रेतला शंभर रुपयांचा नको, आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर बघा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर पिनकडे या आणि इथे जरा वेळ घालवा.

स्क्रीनवर पाण्याचा थेंब किंवा "ओलावा आढळला" असा मेसेज येत असेल तर चार्जर लगेच काढा, जबरदस्ती नको, परत परत लावून बघणं तर अजिबात नको. ओल्या पिनमधून करंट गेला की धातू गंजत जातो आणि पाणी खारट असेल तर फार लवकर, मग तो हिरवट थर दिसतो ना तो त्याचाच. फोनची पिनची बाजू खाली करून तळहातावर हलके आपटा आणि पंख्याखाली ठेवा. निदान अर्धा तास तरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोरीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत तिथे फोन अर्ध्या तासात काय सुकणार, रात्रभर ठेवा. बुटांच्या नाहीतर बॅगेच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात फोनसोबत टाका. तांदळात पुरू नका! ॲपलने पण स्पष्ट सांगितलंय की तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन खराब होऊ शकतो, आणि आपले उकडे तांदूळ असले तरी नियम तोच. हेअर ड्रायर, चूल, कडक ऊन हे पण नको. कापूस किंवा कागदाची सुरळी आत घालू नका.

फोन समुद्रातच पडला असेल तर गोष्ट वेगळी. पाणी वाळतं पण मीठ आत राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा परत ओढून घेतं, म्हणून चार दिवस बरा चाललेला फोन पाचव्या दिवशी मान टाकतो. आयपी६८ (पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका, ती टेस्ट गोड्या पाण्यातली असते. असा वॉटर रेझिस्टंट फोन खाऱ्या पाण्यात पडला तर बंद करून गोड्या पाण्याने हलकं धुऊन सुकवा. साधा फोन असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका, बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि त्याच दिवशी दुकानात न्या, ते उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात.

पिन कोरडी आहे पण केबल पूर्ण आत बसत नाही, किंवा वाकडी धरली तरच घेते? आत कचरा आहे. फोन बंद करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च मारून बघा, खिशातला कापसाचा मळ दाबून दाबून तळाशी घट्ट थर झालेला असतो. लाकडी टूथपिक जरा तासून बारीक करा आणि कडेकडेने हळू कोरून काढा. मधली पातळ पट्टी असते तिला धक्का लावायचा नाही, ती मोडली की खर्च आलाच. सेफ्टी पिन, सुई, मंगळसूत्राची पिन काही नको. फुंकर पण नको, तोंडातली वाफ आत जाते.

चार्जिंग दिसतंय पण टक्के चढत नाहीत, उलट उतरतायत, हा प्रकार वाडीवस्तीवर फार बघायला मिळतो. डोंगराच्या कुशीत रेंज एक काडी, फोन टॉवर शोधायला जास्त पॉवर खर्च करतो, त्यात हॉटस्पॉट चालू आणि पोरगं यूट्यूब बघतंय, मग साधा चार्जर पुरणार कसा. एअरप्लेन मोडवर टाकून अर्धा तास ठेवा, टक्के चढले तर फोन ठणठणीत आहे. ८० टक्क्यांवर अडकत असेल तर बॅटरी प्रोटेक्शनची सेटिंग बघा, मुंबईहून आलेल्या भाच्याने चालू करून ठेवलेली असते आणि कोणाला माहीत नसतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला फोन स्वतःहूनच चार्जिंग थांबवतो, कव्हर काढा, सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये मात्र नको, आत पाणी धरतं.

बरेच दिवस शून्यावर पडून राहिलेला फोन लगेच काही दाखवत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत खूप दिवस लाईट नव्हती, अशा वेळी हे होतंच. चांगल्या चार्जरला लावून अर्धा तास हात लावू नका. मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन दोन्ही दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये याने रीस्टार्ट होतो.

आणि मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली, फोन टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद, दाबायची नाही, टोचायची नाही, सरळ दुकान गाठायचं.

दुकानात गेल्यावर "बॅटरी बदला" असं तुम्ही स्वतःहून सांगू नका. काय काय करून बघितलंत ते सांगा, यूएसबी मीटर लावून फोन किती करंट घेतोय ते समोर बघायला सांगा. आधी पिन साफ करून मागा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगची पिन वेगळ्या छोट्या सब-बोर्डवर असते, तेवढाच बदलून काम होतं आणि मदरबोर्डपेक्षा, म्हणजे फोनच्या मुख्य बोर्डापेक्षा, खूपच स्वस्तात पडतं, तेव्हा कोणी थेट मदरबोर्ड म्हणाला तर आणखी एका ठिकाणी विचारा. फोन चालू होत असेल तर फोटोंचा बॅकअप घेऊनच द्या, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.