बाळाचे नाव ठेवताय? या चुका टाळा

गोव्यात एकेक नाव तीन भाषांतून फिरते. घरात नि देवळात मराठी, अंगणात नि बाजारात कोंकणी, शाळेच्या वहीवर आणि पासपोर्टवर रोमन लिपीतली इंग्रजी. नाव निवडणारे बहुधा यातल्या एकाच भाषेचा विचार करतात आणि उरलेल्या दोन भाषा मुलाला छळत राहतात. ऐकणाऱ्याला घडीभर गंमत वाटते. मुलाला मात्र दर वर्षी नव्या वर्गात, नव्या शिक्षकांपुढे तेच हसू पुन्हा झेलावे लागते. मला ही गोष्ट मनापासून टोचते, कारण यातल्या बहुतेक चुका थोडे थांबले तर होतच नाहीत.

नावाची घाई

जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असते. त्यावरून नावही 21 दिवसांतच द्यायला हवे, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे बाळाचा जन्म नावाशिवाय नोंदवता येतो. पुढे 12 महिन्यांच्या आत नाव घातले तर शुल्क पडत नाही आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत ते घालता येते. तरी घरोघरी काय होते? बाराव्या दिवशी बारसे, आत्या कानात कुर्र करते, मामा मोबाइलवरची यादी वाचून दाखवतो, कोणीतरी 'हेच घाल' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ते फॉर्मवर चढतेसुद्धा.

बारसे थाटात करा. पण कागदावर चढवण्याआधी ते नाव महिनाभर घरात वापरून पाहा. आजीला ते नीट म्हणता येते का, शेजारची भुरगी (मुले) त्याचे काय करतात, बाबा रागावले की कसे हाक मारतात, हे कानांनी ऐका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांचा पाया आता जन्मदाखला आहे. त्यावर जे लिहिले जाईल तेच सगळीकडे जाईल.

आई-बाबांच्या नावांची जोडणी

दोघांच्या नावांतली पहिली अक्षरे घेऊन नाव घडवायचे, ही हौस सध्या जोरात आहे. प्रेमाने केलेली गोष्ट आहे, पण जोडलेली अक्षरे मोठ्याने म्हणून पाहायचे राहून जाते. मानसी आणि सागर यांचा 'मासा' होतो. राधिका आणि खगेश यांची 'राख'. भाग्यश्री आणि जीवन यांची चक्क 'भाजी', आणि शेजारी पार्वती-वसंत राहत असतील तर त्यांचा 'पाव'. गोव्यात सकाळी पाव-भाजीशिवाय दिवस उजाडत नाही. त्या मुलांचे काय होईल ते सांगायला नको. जोडणी करायचीच असेल तर मधली किंवा शेवटची अक्षरे घेऊन पाहा आणि तयार झालेल्या शब्दाला दुसरा अर्थ नाही ना, हे घरातल्या सर्वात खोडकर मुलाला विचारा. तो बरोबर सांगेल.

यादीतला अर्थ खरा मानणे

इंटरनेटवरच्या याद्यांत प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी', 'दैवी' नाही तर 'देवाची देणगी' असतो. शब्दकोश उघडला की चित्र बदलते. तृषा म्हणजे तहान. अनय म्हणजे अनीती. 'क्रिशा' हे कृशा असेल तर त्याचा अर्थ हडकुळी. प्रणाली म्हणजे पद्धत किंवा पाण्याची पन्हळ. यातली काही नावे कानाला गोड आहेत आणि रुळलीही आहेत. माहीत असून ठेवली तर माझी काहीच हरकत नाही. पण मुलीने दहाव्या वर्षी कोशात स्वतःचे नाव शोधावे आणि घरच्यांनी तो शोध कधीच घेतला नव्हता असे तिला कळावे, हे बरे नव्हे.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे पहिल्या मुलाला अनुज किंवा मुलीला अनुजा म्हणणे. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, धाकटा. थोरल्याचे नाव अनुज आणि धाकट्याचे काहीतरी दुसरेच, असा उलटा क्रम कितीतरी घरांत आहे. भावंडांच्या नावांचे यमक जुळवतानाही जपा. हर्षचा भाऊ अमर्ष ऐकायला छान वाटतो, पण अमर्ष म्हणजे राग.

आणि एक चूक हसण्यासारखी मुळीच नाही. 'आता मुली पुरे' म्हणून अंतिमा, नकोशी अशी नावे ठेवली जातात. साताऱ्यात 2011 साली जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन दोनशेहून अधिक नकुशांना नवी नावे दिली होती. आपल्याकडच्या जुन्या धोंडू, केरू, भिकू या नावांशी त्याची तुलना करू नये. ती नावे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, जगावे म्हणून ठेवलेली असत. एका नावात माया आहे, दुसऱ्यात नकार, आणि मुलाला तो फरक कळतो.

कोंकणी कान

अंत्रुज महालात (फोंड्याकडे) किंवा बार्देशात वाढणाऱ्या मुलाचे नाव सवंगडी कोंकणीत मोडतात. शीतलचे 'शीत' झाले की ती झाली भात, आणि मागोमाग 'शीत-कडी' येतेच. योगिताला लाडाने 'यो' म्हटले तर अंगणातली सगळी मुले धावत येतात, कारण 'यो' म्हणजे 'ये'. यामुळे नावे टाकून द्यावीत असे नाही. लाडाचे नाव आपणच आधी ठरवून रुळवले की मित्रांना मोडायला जागा कमी उरते.

रोमन लिपीचे वळण

इथे गोव्याचा प्रश्न बाकीच्यांहून वेगळा आहे. पोर्तुगीज काळात 'श' एक्सने लिहीत, 'क' सी किंवा क्यूने. शेल्डे गावाची पाटी आजही एक्सनेच सुरू होते. कामताचे 'कामोतीम', प्रभूचे 'पोरोबो' अशा नोंदी जुन्या कागदांत सापडतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत सुंदर आहे, पण जुन्या दाखल्यावरचे स्पेलिंग तसेच उचलले तर शांताराम परराज्यात 'झांताराम' होतो. नाव आजोबांचे घ्या, स्पेलिंग आजचे. मात्र तिथल्या नागरिकत्वासाठी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करायचा विचार असेल, तर आजोबांच्या, वडिलांच्या आणि बाळाच्या कागदांवर वडीलधाऱ्यांची नावे एकसारखी लिहिली आहेत ना, ते आधीच तपासा. एका अक्षराच्या फरकावरून फाइली अडतात.

अंकशास्त्रासाठी जादा ए नि दोन आर घालणे मला पटत नाही. प्रत्येक लिपिक ती अक्षरे वेगळी लिहितो आणि चार कागदांवर चार मुले तयार होतात. अनल, अशित यांसारखी अर्थाने निर्दोष नावेही इंग्रजीत वाचली की लाजिरवाणी होतात. पर्यटकांच्या या राज्यात छातीवर नावाची पट्टी लावून काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना ते रोज सोसावे लागते. आद्याक्षरेही बघा. देसाईंच्या घरात म वरून मुलीचे आणि अ वरून वडिलांचे नाव असले की 'मॅड' झाले. तारी घराण्यात र आणि अ आले की 'रॅट'. नाईक आडनावापुढे अखिल लावून भरभर म्हणा, खलनायक ऐकू येईल.

बातमीतले नाव

2020 मध्ये कोरोना, कोविड, लॉकडाऊन अशी नावे ठेवल्याच्या बातम्या देशभरातून आल्या. नेत्यांच्या नावांचेही तसेच. तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले एम. के. स्टॅलिन 1 मार्च 1953 ला जन्मले, सोव्हिएत नेता चारच दिवसांनी वारला आणि वडिलांनी त्याचे नाव मुलाला दिले. ते नाव त्यांनी पेलले. प्रत्येकाला ते जमेलच असे नाही. ताज्या घटनेची आठवण ठेवायची तर ती बाळाच्या वहीत लिहा.

चूक होऊन गेली असेल तर

नुसती लिहिण्याची चूक असेल, तर ज्या निबंधकाकडे जन्म नोंदवला तिथेच पुराव्यासह दुरुस्ती मागता येते. नावच बदलायचे असेल तर वाट वेगळी आहे. त्यासाठी गोव्याचा 1990 चा नाव व आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदा आहे. परस्पर शाळेत नवे नाव सांगून मोकळे होऊ नका, पुढे सगळे कागद एकमेकांशी भांडतील. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा आणि बँक असा क्रम ठेवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून स्पेलिंग पक्के झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका. हे सगळे शाळाप्रवेशाआधी झाले तर फार सोपे जाते.

मूल मोठे झाले असेल आणि स्वतःच 'मला हे नाव नको' म्हणत असेल, तर 'एवढे काय त्यात' म्हणू नका. त्याला कोणते नाव हवे ते विचारा आणि काही महिने घरात त्याच नावाने हाक मारून पाहा. अर्ज त्यानंतर करा.