मित्रराष्ट्राच्या वाहतूक जहाजातून सैन्य नेताना

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याकडे ज्यांच्या पडवीत ‘ॲक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरील खेळाचा पट मांडला जातो, त्यांचा वाद बहुधा मित्राचे वाहतूक जहाज वापरण्यावरून होतो. नियम खाडीवरच्या तरीसारखाच आहे: होडी हाकणारा दुसरा असला, तरी चढणे-उतरणे ज्याचे त्यानेच करायचे.

म्हणजे अमेरिकेचे पायदळ ब्रिटिश जहाजावर अमेरिकेच्या पाळीत चढते, ब्रिटनच्या पाळीत जहाजाबरोबर सरकते आणि अमेरिकेच्या पुढच्या पाळीतच उतरते. ब्रिटिश खेळाडूने ते आपल्या पाळीत परस्पर किनाऱ्यावर ठेवणे चुकीचे आहे. खेळाच्या ‘१९४२’ नावाच्या प्रकाराच्या दुसऱ्या आवृत्तीत पाळीचा क्रम सोव्हिएत संघ, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका असा असल्यामुळे भरलेले जहाज हलण्यापूर्वी जर्मनीला आणि सैन्य उतरण्यापूर्वी जपानला हल्ल्याची संधी मिळते. या आवृत्तीत वाहतूक जहाजाला स्वतःची संरक्षणक्षमता नसते आणि ते बुडाले की आतले सैन्यही जाते, म्हणून सोबत विनाशिका किंवा क्रूझर नसेल तर अटलांटिकमध्ये हा व्यवहार टाळलेलाच बरा.

जहाजात एक पायदळ आणि त्याशिवाय कोणतेही एक भूदल, इतकेच मावते; ते एकाच राष्ट्राचे असण्याची अट नाही. मात्र दोन मित्रराष्ट्रे एकत्र बचाव करू शकली, तरी एकाच पाळीत एकत्र हल्ला करू शकत नाहीत, हे किनाऱ्यावरील चढाईची आखणी करतानाच लक्षात घ्यावे. माझ्या मते ७ आयपीसी (खेळातले चलन) खर्चून स्वतःचे जहाज घेणे बहुतेक वेळा सोयीचे ठरते.