जानेवारीआधी दोन लूप उभे करायचे, तर

१६० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर आपला सिग्नल जातो, पण समोरचा खरखरीत बुडतो, ही शहरातल्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची, नेहमीची रड. ऐकण्यासाठीचे दोन छोटे लूप, म्हणजे रिंगेच्या आकाराच्या अँटेना, फेज करून, म्हणजे दोघांतल्या लाटांचा मेळ ठरवून, जोडले की ठरलेल्या एका बाजूचा गोंगाट बराचसा पडतो. दिवाळीला काम हाती घेतलं, तर जानेवारीअखेरच्या सीक्यू १६० मीटर मोर्स स्पर्धेपर्यंत सगळं जागेवर बसतं.

आधी जागा बघा. वीस मीटर अंतरावर दोन लूप, एका रेषेत, आणि दोन्ही रिंगांची तोंडं अशी की रिंगाही त्याच रेषेत उभ्या राहतील. आपल्याकडून युरोपसाठी रेषा वायव्य-आग्नेय धरावी; वायव्येचा लूप पुढचा, आग्नेयेचा मागचा. ट्रान्समिट अँटेना जवळ असेल, तर ऐकताना ती रिलेनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचनं, सोडवायची सोय हवीच, नाहीतर तीच सिग्नल परत फेकून पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेचं किती ऐकू येतं ते, बिघडवते. गवत काढून घ्या. पावसाळ्यानंतर त्यात काय बसलं असेल सांगता येत नाही.

सामानात एक मीटर व्यासाच्या दोन रिंगा, एसीच्या तांब्याच्या नळीच्या, एकाच गुंडाळीतून कापलेल्या. पीव्हीसीचे खांब. प्रीअँप, म्हणजे आलेला सिग्नल वाढवणारे छोटे अँप्लिफायर, दोन, अगदी एकसारखे. इथे काटकसर नको: मागचा सिग्नल खोडायचा तर तो दोन्हीकडून सारख्याच ताकदीनं यायला हवा. दहा टक्के फरक राहिला तरी खड्डा, म्हणजे मागच्या सिग्नलची घट, वीस-बावीस डेसिबलपाशी अडतो.

डिले लाइनसाठी, म्हणजे सिग्नल ठरावीक उशिरा पोचवणाऱ्या केबलसाठी, एक संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवा. मागच्या लूपच्या वाटेत लाटेला हवेतून वीस मीटर जायला लागतो तेवढा उशीर घालायचा आणि एका लूपची टोकं उलटी जोडायची; मागून आलेली लाट मग दोन्ही वाटांनी एकाच वेळी पोचते, पण उलट फेजमध्ये, आणि मिटते. गंमत अशी की हे गणित फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नाही, त्यामुळे ८० मीटरवरही खड्डा मागेच राहतो. टीव्हीच्या फोमवाल्या आरजी-६ मध्ये लाट हवेतल्याच्या साधारण ०.८३ पट वेगानं जाते, म्हणजे केबल साडेसोळा मीटरच्या आसपास. छापील आकड्यावर विसंबू नका. साडेसतरा मीटर कापा, दूरचं टोक मोकळं ठेवा आणि नॅनोव्हीएनए या केबल-अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर पहिला शॉर्ट ३.७५ मेगाहर्ट्झला दिसेपर्यंत बोटबोट छाटत जा. लूपपासून कॉम्बायनरपर्यंतच्या, म्हणजे दोन्ही सिग्नल एकत्र करणाऱ्या डबीपर्यंतच्या, दोन्ही केबल मात्र सारख्या लांबीच्या हव्यात. उलट्या जोडलेल्या टोकाला लाल टेप गुंडाळा.

सांधे सोल्डर करून सिलिकॉननं बंद करा. गेल्या वर्षी माझा खड्डा एका रात्रीत नाहीसा झाला. दोन दिवस डिले लाइन तपासत बसलो, आणि दोष निघाला मागच्या लूपच्या स्क्रूखाली हिरव्या पडलेल्या तांब्यात.

प्रत्येक केबलवर बाहेरच्या आवरणावरून येणारा गोंगाट अडवणारा फेराइटचा चोक, प्रीअँपला बॅटरीवरून १२ व्होल्ट, आणि ट्रान्समिट करताना प्रीअँप तोडणारा रिले. मध्यमलहरी अडवणारा फिल्टरही जवळ ठेवा: पुणे आकाशवाणीचे ७९२ आणि मुंबईचे १०४४ किलोहर्ट्झ प्रीअँपमध्ये मिसळले तर बेरीज १८३६ वर, ऐन आपल्या कानात येते.

फिल्टर लावण्याआधी मात्र याच केंद्रांचा उपयोग करून घ्या. रेषेच्या एका टोकाकडे येणारं केंद्र भर दुपारी लावा, डिले एका लूपकडून काढून दुसऱ्याच्या वाटेत घाला आणि रिसीव्हरवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर बघा. काटा दोन्ही वेळा तिथेच राहिला, तर लाल टेपचं टोक पुन्हा तपासा. काटा पडला, तर त्याच रात्री बॅटरी चार्जिंगला लावून पहाटे पाचचा गजर करा. सूर्योदयापर्यंत युरोपात रात्रच असते.