घराण्याच्या आजारांची वंशावळ कशी मांडावी

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे सोसायटीतले लोक मला विचारतात, 'लाळ पाठवली की पेशींचं वय कळतं म्हणे, करू का?' पैसे वाचवा, म्हणते मी. पेशी विभागताना गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, झिजतात हे खरं. त्यावरच्या संशोधनाला 2009 मध्ये नोबेलही मिळालं. पण एकाच वयाच्या माणसांत ही लांबी इतकी वेगवेगळी असते की एका माणसाच्या एका आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा वंशावळ मांडा.

मोठा कागद आडवा धरा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आजार असेल तर आतून रंगवा. किमान तीन पिढ्या हव्यात.

घरात छापील कुलवृत्तांत असेल तर तो फक्त वडिलांकडच्या नावांसाठी. जुन्या कुलवृत्तांतांत लेकी बहुधा गाळलेल्या, आणि आईचं माहेर तर नसतंच. जनुकं मात्र निम्मी तिकडूनच येतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातली 37 जनुकं तर आईकडूनच. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे जातो; लेक गाळली की साखळीच दिसत नाही. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तिथे दुहेरी रेघ ओढा, कारण एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता तिथे जास्त.

खरी माहिती आत्या-मावश्यांकडे. गौरीजेवणानंतर सगळ्या जरा आडव्या होतात तेव्हा वही घेऊन बसा. 'कशाने गेले?' एवढंच विचारलंत तर 'अटॅकने' म्हणून मोकळ्या होतील. वय विचारा. सांगता येत नसेल तर 'पानशेत फुटलं तेव्हा होते का?' असं विचारा. 1961 धरून हिशेब लागतो. साखर होती का, विडी, तंबाखू, मिश्री? बायकांचं दुखणं 'पोटात गाठ होती' एवढ्यावर मिटवलेलं असतं. तिथे खोदून विचारा: गर्भाशय, अंडाशय की आतडं?

वयावर इतका भर का? ऐंशीच्या पुढे हृदय थकणं समजण्यासारखं आहे. पण वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर लाल खूण करा. स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर 50 च्या आत झाला असेल तरीही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 190 च्या वर असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दिसली, तर दोष आनुवंशिक असू शकतो आणि मग प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. अशा घरात भावंडांचं, मुलांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या. जनुकचाचणीची वेळ आलीच तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. शक्यतो आधी तपासतात ते आजार झालेल्या माणसाला.

सगळं नशीब कागदावर उतरलं असं मात्र समजू नका. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या अभ्यासात आयुर्मानातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्साच जनुकांच्या वाट्याला आला. आपल्याच पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास, हडकुळी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. पुढच्या मधुमेहाची तयारी पोटातच सुरू होते, हा त्यांच्या कामाचा रोख. म्हणून चौकोन-वर्तुळांखाली जन्माचं वजन आणि आईला गरोदरपणी साखर होती का, हेही लिहा.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांच्या फाइलला लावा. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू नका. कुणाची तरी स्थळं बघणं चालू असतं.